गळा बसलाय

माझ्या नवऱ्याचा गळा तो पहिलीत असताना बसला आणि पुढे कितीतरी वर्षं बसलेलाच राहिला. म्हणजे माझी सासू लोकांना तसं सांगायची. टेंभी नाक्याला दहीहंडीच्या स्टेजवर त्याला पाहुणा म्हणून उभं केलं की खालून पब्लिक ओरडायचं, "बाळकृष्णा, डायलॉग मार." मग सासू पुढे होऊन माइकवाल्याला सांगायची, "गला बसलाय पोराचा." आणि हितेश गळ्यात मफलर गुंडाळून नुसता हात हलवायचा. अंगाला घामाच्या धारा आणि गळ्यात लोकरीचा मफलर. लोकांना वाटायचं, केवढं काम करून घेतात बिचाऱ्या लेकराकडून.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. 'कुळकर्ण्यांचं अंगण' नावाची मालिका रोज संध्याकाळी लागायची. त्यात बाळकृष्ण नावाचा खोडकर नातू होता. घरातल्या मोठ्यांची लबाडी पकडली की तो कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून म्हणायचा, "बाळकृष्णाला सगळं कळतं." आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत तेव्हा एकही पोर असं नव्हतं ज्यानं हे वाक्य म्हणून आईचा धपाटा खाल्ला नाही. मी तर त्याच्या गालावरच्या खळ्यांवर जाम फिदा होते. पुढे कॉलेजात त्याच खळ्या माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसल्या आणि यथावकाश मी हितेश भोईरची बायको होऊन बाळकुमला आले. मैत्रिणी जळल्या. मीही त्यांना जळू दिलं.

तो आवाज हितेशचा नव्हता, हे मला लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात कळलं. सांगितलं ठमाबाईंनी. ठमाबाई म्हणजे हितेशची आजी. उमेदीच्या वयात मिठागरात राबलेली, आता आमच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरात बाराव्या मजल्यावर राहणारी आणि तरीही गुडघ्यापर्यंतच लुगडं नेसून लिफ्टमधून उतरणारी बाई. आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून जवळा निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "आजी, हितेश लहानपणी काय गोड बोलायचा ना." तिनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"ता आमचा पोऱ्या नाय बोलायचा गो बाय," ती म्हणाली. "आमचे घरान कोनाला ता अक्षर येत नाय."

ता म्हणजे ते, आणि ते अक्षर म्हणजे ळ. आणि त्याचा भाऊ ण. आमच्या सासरची मंडळी आगरी. त्यांच्या बोलीत बाळ हा बाल असतो, पाणी हे पानी. हितेशला घेतलं ते त्याच्या खळ्या बघून. घोडबंदरच्या बाजूला एका बंगल्यात शूटिंग चालायचं, तिथे बघ्यांच्या गर्दीत हा उभा होता. दिग्दर्शकानं उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवला आणि हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बालकृष्नाला सगलं कलतं." सेटवर हशा पिकला. कुळकर्ण्यांचा नातू असा बोलला तर प्रेक्षक चपलेनं मारतील, असं कुणीतरी म्हणालं. पुन्हा घ्या, पुन्हा घ्या, असं करून झालं. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "बोलू दे कसंही. आवाजाचं नंतर बघू." पोराला वाटलं, आपण पास झालो.

पहिला भाग लागला तेव्हा अख्खा पाडा यांच्या टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर हितेशनं तोंड उघडलं आणि आतून एका मुलीचा स्वच्छ, सदाशिवपेठी आवाज आला. ठमाबाईच तेवढी म्हणाली, "यो कोन बोलतंय?" हितेश उठून मोरीत गेला आणि त्यानं आतून कडी लावली. सासूनं दुसऱ्या दिवशी मफलर आणला.

मालिका संपली तसं त्याचं करिअरही संपलं. बालनाट्यवाल्यांनी बोलावलं, पण तिथे तोंडानंच बोलायचं असतं. एका बिस्किटाच्या जाहिरातीत तो नुसता खाताना दिसला. मग मिसरूड फुटलं, खळ्या दाढीत अर्ध्या लपल्या आणि लोक विसरले. हितेश मात्र विसरला नाही. त्यानं आरशासमोर उभं राहून स्वतःला ळ शिकवला. ण शिकवला. आज तो आमच्याच भागातल्या एका बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट विकतो आणि गिऱ्हाइकांना असं काही "बाळकुम" म्हणून दाखवतो की लोक विचारतात, तुम्ही मूळचे पुण्याचे का? तो नाही म्हणत नाही. नुसता हसतो. घरी आमच्या लेकीनं, सान्वीनं, पणजीकडून उचलून "पानी दे" म्हटलं की हातातला घास तसाच ठेवून तिला सुधारतो, "पाणी. जीभ वर ने. पाणी." समोर ठमाबाई बसलेली असते. ती खाली मान घालून भात कालवत राहते. मी एकदा त्याला म्हटलंही, "अरे, तिच्यासमोर तरी नको." तर म्हणाला, "तिला काय कळतंय."

तर यंदा काय झालं, त्या जुन्या डायलॉगचं कुणीतरी रील केलं आणि ते धो धो चाललं. नवऱ्याच्या खिशातले पैसे मोजणाऱ्या बायका, मुलांचे मोबाइल तपासणाऱ्या आया, सगळ्यांच्या तोंडी बाळकृष्णाला सगळं कळतं. आणि डोंबिवलीच्या एका मंडळानं नवरात्रात दुपारी कार्यक्रम ठेवला, लहानपणी पाहिलेल्या कलाकारांचा सत्कार. हितेशला सहकुटुंब निमंत्रण. निवेदन करणारा विनीत नावाचा मुलगा मालिका लिहितो, त्याच्या ओळखी आहेत, असंही कळलं. हितेशनं नवा कुर्ता शिवला. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं ते वाक्य लोकांसमोर म्हणणार होता. रात्रंदिवस बाथरूममधून बाळकृष्ण ऐकू यायला लागला.

"आजीला नको न्यायला," तो म्हणाला. "गर्दीचा त्रास होईल तिला."

"टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत ती अजून आपल्यापुढे असते," मी म्हटलं. "सरळ सांग ना, लाज वाटते."

तो चिडला, दोन दिवस बोलला नाही, पण मी हट्ट सोडला नाही. मला वाटलं, मी केवढं न्यायाचं काम करतेय. ठमाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, असतील नसतील तेवढे दागिने घातले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

हॉल भरलेला होता. हितेशला शाल, नारळ, स्मृतिचिन्ह मिळालं. विनीत छान बोलत होता, लोकांना हसवत होता. मग त्याची नजर पहिल्या रांगेत गेली. "अरे, बाळकृष्णाची खरी आजी आलीय आपल्यात," म्हणून तो माइक घेऊन खाली आला. मी हितेशकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यानं शाल गळ्याशी ओढून घेतली.

"आजी, काय सांगाल? घरीपण असाच बोलायचा का हो हा? बाळकृष्णाला सगळं कळतं?"

दुसऱ्या कुठल्या आजीनं हो म्हणून हात जोडले असते. पण ठमाबाईला विचारलं तेवढंच उत्तर द्यायची सवय. खोटं बोलायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मफलरचं नाटक सासूचं, ठमाबाई तेव्हा मागे घरी असायची.

"नाय रं बाबा," ती माइकमध्ये म्हणाली. "ता आवाज आमचे पोऱ्याचा नाय."

लोक हसले. ती कशाबद्दल बोलतेय ते कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. ते हसले ते ती ज्या पद्धतीनं बोलली त्याला. विनीतला चांगलाच रंग भरलेला दिसला. "मग कुणाचा, आजी?"

"कोनाची तरी पोरगी व्हती. मना काय ठाव? आमचा पोऱ्या ब्येस बोलायचा, पन त्यांना पटला नाय."

पुन्हा हशा. एवढं सरळ सांगून टाकलेलं, आणि ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हितेश, आता बोल. खरं आहे म्हण. लोक अजून जोरात टाळ्या वाजवतील, वेड्या. फार तर दोन दिवस चर्चा होईल. मला खरंच वाटत होतं तो बोलेल. त्यानं माइक हातात घेतला, खळ्या पाडल्या आणि मान वाकडी करून हुबेहूब ठमाबाईच्या सुरात म्हणाला, "ता आवाज आमचे पोऱ्याचा नाय."

हॉल हसून कोसळला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली.

"आमची आजी ना," हितेश आपल्या पुणेरी आवाजात पुढे म्हणाला, "टीव्हीच्या खोक्यात खरीच माणसं बसलीत असं समजायची. स्पीकरमधून माझा आवाज वेगळा यायचा, तर म्हणायची, खोक्यात दुसरंच कोन तरी शिरलंय." आणि तो हशा ओसरायच्या आत त्यानं कमरेवर हात ठेवला. "पण बाळकृष्णाला सगळं कळतं."

ळ असा लागला होता की काय सांगू. लोक उभे राहिले. मीही उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या हातांना दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. ठमाबाईही हसत होती, कारण सगळे हसत होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि ती हसायची थांबली. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर हितेशभोवती सेल्फीवाल्यांचं कोंडाळं होतं. आम्ही दोघी आणि सान्वी बाजूला अल्पोपाहाराच्या डिशेस घेऊन बसलो होतो. एक बाई आली. कॉटनची साडी, केसांत थोडं पांढरं. म्हणाली, "मी नीरजा. इथेच डोंबिवलीत राहते, शाळेत शिकवते." आणि मग खाली वाकून ठमाबाईच्या कानाशी हळूच म्हणाली, "आजी, तुमचे कान अगदी खरे आहेत. ती पोरगी मी."

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. ती तेव्हा चौथीत होती. वक्तृत्वात बक्षिसं मिळवायची म्हणून कुणीतरी तिला स्टुडिओत नेलं. तिच्या कानात हेडफोन घातले की त्यात हितेशचा मूळ आवाज यायचा आणि त्यावर तिनं बोलायचं. "बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती. मी पाळली. पण मला त्याचं बोलणं फार आवडायचं हो. तो जे म्हणायचा त्यात गंमत असायची, मी नुसती शुद्ध करायचे. मला वाटलं आज तो सांगेल. माझं नाव नाही घेतलं तरी चालेल, पण तुम्हाला असं..." ती ठमाबाईचा हात धरून उभी राहिली.

एवढी वर्षं ठमाबाई एकटीच खरं बोलत होती आणि आज पहिल्यांदा कुणी तिला येऊन सांगत होतं की तू बरोबर आहेस. मला वाटलं, म्हातारीच्या जिवाला जरा बरं वाटेल. ठमाबाईनं आधी पलीकडे गर्दीत उभ्या असलेल्या हितेशकडे पाहिलं. मग नीरजाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "तुजी काय तरी चूक होतंय. ता त्याचाच आवाज. माजे कानांचा वय झायलाय."

नीरजा माझ्याकडे बघत राहिली. मी डिशमधला बटाटेवडा कुस्करत बसले.

परत येताना ठमाबाई पुढच्या सीटवर बसली नाही. मागे, दाराच्या बाजूला बसली. कल्याण गेलं, भिवंडीचा बायपास गेला, कशेळीच्या पुलावर नेहमीसारखं ट्रॅफिक लागलं. खाडी दिसली की ती नेहमी सान्वीला सांगते, इथे आमचं मीठ, तिथे आमची होडी. आज सान्वीनंच विचारलं, "आजी, तुझं मीठ कुठे होतं?" तिनं काचेकडे बोट दाखवलं, एवढंच. हितेश खुशीत होता. विनीतनं नंबर घेतला होता.

घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्ला. नीरजाबद्दलही सांगितलं, आजी तिला काय म्हणाली तेही सांगितलं. तो कुर्ता न काढताच पलंगावर बसला. मग म्हणाला, "म्हणजे आजीनं मला वाचवलं."

"हो," मी म्हटलं. "आणि तू तिला विकलंस."

त्याला ते लागलं. कान लाल झाले, नजर खाली गेली. पण उठून आजीच्या खोलीत जायचं धाडस त्याला झालं नाही. उद्या बोलतो म्हणाला. आणि उद्या उजाडताच त्या स्टेजवरची क्लिप सगळीकडे फिरायला लागली.

ती आधीच्या रीलपेक्षा जास्त चालली. "ता आवाज आमचे पोऱ्याचा नाय" हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. लिफ्टमध्ये, गेटवर, खाली देवीच्या मांडवात लोक ठमाबाईला बघून कौतुकानंच म्हणायचे, "आजी, आवाज कुणाचा?" ती हसून मान हलवायची. मग खाली जायचीच बंद झाली. हितेश दारापर्यंत जायचा, म्हणायचा, "आजी, मी काय म्हणत होतो," आणि पुढे त्याला शब्द सापडायचे नाहीत. एवढा शुद्ध बोलणारा माणूस.

दसऱ्यानंतर विनीतचा फोन आला. नव्या मालिकेत काम होतं, चांगलं मोठं. आगरी पाटलाचं. "तुम्ही ती भाषा काय पकडता सर. एकदम नॅचरल. आजकाल लोकांना असंच पाहिजे, मातीतलं. आणि आवाज तुमचाच, लाइव्ह." फोन ठेवल्यावर हितेश हसायला लागला आणि हसता हसता त्याचा चेहरा असा झाला की मी सान्वीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. ज्या जिभेपायी त्याला मोरीत कडी लावून बसावं लागलं होतं, तीच आता हवी होती. आणि ती त्याच्याकडे उरलीय की नाही याचीच त्याला खात्री नव्हती. त्या दिवशी पुन्हा आरसा. "सगलं," तो म्हणून बघत होता. "सगलं कलतं." येत होतं, पण नकलेसारखं येत होतं. मला बाहेरही कळत होतं.

विनीत रविवारी सकाळी घरी आला. त्याला ठमाबाईला भेटायचं होतं, तिच्या बोलण्यातले खास शब्द ऐकायचे होते. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टीपॉयवर ठेवला. हितेशनं आजीला हाताला धरून आणून सोफ्यावर बसवलं.

"आजी, काहीपण बोला," विनीत म्हणाला. "मिठागराचं सांगा, लग्नाचं सांगा. तुमच्या भाषेत."

ठमाबाईनं मोबाइलकडे पाहिलं. तिनं पदर नीट केला.

"आजी, बोल ना थोडं," हितेश म्हणाला. "माझ्यासाठी."

तिनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं, अगदी पूर्वीसारखं. मग उजवा हात उचलून गळ्यावर ठेवला आणि मान हलवली. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "गला बसलाय."

विनीतला काही वाटलं नाही. हवा बदललीय, गरम पाणी प्या आजी, असं म्हणून चहा पिऊन गेला. हितेश सोफ्याच्या काठावर तसाच बसला होता. त्यानं ते वाक्य लहानपणी शेकडो वेळा स्वतःबद्दल ऐकलं होतं.

दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ठमाबाईच्या खोलीतून आवाज येत होता, चांगला खणखणीत. ती सान्वीला सांगत होती, भरतीचं पानी मिठागरान कसं घ्यायचं, बांध फुटला की कशी धावपळ व्हायची, मुकादम कसा ओरडायचा. सान्वी खिदळत होती, "आजी, मुकादमाचा आवाज काढ ना," आणि ठमाबाई काढून दाखवत होती. हितेश दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. रडत होता. मी त्याला खुणेनंच म्हटलं, जा आत.

तो आत गेला. मी दारात आले. तो आजीसमोर खाली फरशीवर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आजी, माजी चूक झायली." नक्कल नव्हती ती. कुठून आलं कुणास ठाऊक, पण त्याचंच होतं. "मना माफ कर. मना बोल काय तरी. शिव्या दे."

ठमाबाईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. गालावरून फिरवला, जिथे खळी पडते तिथे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच वाईट होतं. मग तोच हात तिनं मागे घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.